थरथरत्या ब्रेकांवर राजूरपर्यंत

आमच्या मिरजगावचा माणूस राजूरला सहज म्हणून जात नाही. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, कलेक्टर एकच, पण मधे अख्खा दिवस मोडतो. आमच्याकडे काळी माती, ज्वारी आणि आभाळाकडे बघत बसायची सवय. तिकडे डोंगर, भात आणि पावसाला कंटाळलेली माणसं. मी गेलो एकाहत्तरच्या माघात, गाडीचे ब्रेक थरथरत असताना. तिकडे कुणी जाणार असेल त्याला मुलूख कळावा, आणि कुणाचे ब्रेक असे थरथरले तर त्याने माझ्यासारखं भलत्या चाकामागे लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

माळावर

सुरुवात नगरबाहेरच्या एका माळावर झाली. तिथे लढाईच्या काळातली पडीक धावपट्टी होती आणि पुण्याच्या काही हौशी मोटारवाल्यांनी तिच्यावर शर्यत ठरवली होती. एका रविवारी चाचणीच्या फेऱ्या, त्यात जो पास होईल त्याला पुढच्या रविवारी खऱ्या शर्यतीत जागा.

उमेदीची वर्षं मी ट्रक चालवला. मग स्वतःचा ट्रक घेतला, तो विकून मिरजगावात ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, आणि दुकानाच्या जिवावर ही जुनी फियाट घेतली. कुणाच्या बापाचा पैसा तिच्यात नाही. नगरच्या पेट्रोल पंपावर पुण्याच्या एका तरुणाने तिच्याकडे बघून विचारलं, "काका, ही पळते का?" त्याच दिवशी मी शर्यतीत नाव दिलं.

गाडी पळाली. पिंपं मांडून लांबट गोल आखला होता. सरळ पट्टीवर ॲक्सिलरेटर तळाला लावायचा आणि टोकाच्या वळणावर ब्रेकवर उभं राहायचं. फेऱ्या संपल्या तेव्हा चाकांतून करपट वास येत होता आणि माझ्यापुढे फक्त दोन गाड्या होत्या. मंडपाजवळ उतार होता. तिथला माणूस ओरडत होता, "लावा इथे! हँडब्रेक ओढा आणि चहाला चला!" मी ओढला. घाटात ट्रक उभा करणारा माणूस हँडब्रेक कसा ओढतो ते सांगायला नको. दोन्ही हातांनी.

चहा पिऊन आलो. तपासणीचे साहेब पांढरी टोपी घालून माझ्या गाडीत बसले, थोडं अंतर गेले आणि त्यांनी ब्रेक दाबला. बाहेर उभ्या असलेल्या मलासुद्धा गाडी थडथडताना दिसली.

"ब्रेक थरथरताहेत तुमचे," साहेब म्हणाले. "अशी गाडी मी शर्यतीत सोडणार नाही."

"मगाशी चांगले होते."

"मगाशी तुम्ही ट्रकवाल्यासारखे ब्रेक मारत होता, ते पाहिलं मी. पुढच्या रविवारी सकाळी आणा. नीट असतील तर बघू."

आजूबाजूची माणसं हसली. मी ट्रकवाला आहेच. पण ज्या सुरात ते म्हटलं गेलं, तो सूर मी आठवडाभर खिशात घालून फिरलो. पुढच्या रविवारी त्या पट्टीवर उतरायचंच, एवढं एक ठरलं.

घरी आल्यावर सगुणाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, वेगळंच काढलं. तिच्या धाकट्या बहिणीने राजूरला नवं घर बांधलं होतं आणि शर्यत झाली की तिकडे नेण्याचं मी कबूल केलं होतं.

"आधी ब्रेक नीट होऊ दे," मी म्हणालो.

"तुमचं ब्रेक नीट हुईस्तवर थांबले तर तिचं घर जुनं हुईल."

मग मी दोन्ही कामं एकात बांधली. नगरला मेस्त्री होता, कोपरगावच्या कारखान्यात ओळखीचा फोरमन होता, आणि राजूर त्यापुढे. एका पेट्रोलमध्ये बायकोचं माहेरपण आणि ब्रेक, दोन्ही.

नगर

सगुणा गाडीत कायम मागे बसते. नवऱ्याशेजारी पुढच्या सीटवर बसलेली बाई आमच्याकडे वेशीपासून चावडीपर्यंत चर्चेचा विषय होते. पुण्यात म्हणे बायका स्वतः गाडी हाकतात. सगुणा मात्र डोक्यावरचा पदर नीट करून, मांडीवर फराळाचं गाठोडं घेऊन, मागच्या सीटच्या बरोबर मध्यावर बसते. गावाबाहेर हुरड्याचा धूर दिसला तसा तिने गाडी थांबवायला लावली आणि बहिणीसाठी हुरडा बांधून घेतला. डोंगरात ज्वारी कुठली मिळायला?

हनीफ मेस्त्रीचं गॅरेज नगरच्या जुन्या भागात आहे. शर्यतीआधी ब्रेकचे लायनर त्यानेच बदलले होते, म्हणून माझा सगळा राग त्याच्यावर तयार होता.

"जुनेच लायनर पॉलिश करून घातलेस तू!"

"शेठ, दुकानात गिऱ्हाईक बसलंय. शिव्या हळू द्या, चहा आलाय."

तो माझ्या शेजारी बसला, आम्ही एक चक्कर मारली. ब्रेक दाबला की गाडी अंगात आल्यासारखी हलायची.

"पुढचे धरतात," हनीफ म्हणाला. "ब्रेकचा सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो. ड्रम तापले असतील."

मागून सगुणा म्हणाली, "मला तर खालनं हादरं बसत्यात. पार माकडहाडापातूर."

"सीटच्या स्प्रिंगा गेल्यात त्या," मी म्हणालो. "गप बस."

हनीफने पुढची चाकं उघडली. लायनर घासले, आणि ब्रेक दाबल्यावर ते आतून ज्याला धरतात ते चाकातले लोखंडी ड्रम पॉलिश कागदाने पुसले. लायनर नवेच होते. तेही मी नखाने टोकरून बघितलं, तेव्हा त्याने हात जोडले. पुन्हा चक्कर मारली. थरथर तशीच.

"मग ड्रमच वाकडे झालेत," तो म्हणाला. "लेथवर तासावे लागतील. माझ्या शेजारच्याचा लेथ आज मोकळा नाही."

"मला कोपरगावला फुकट लेथ आहे," मी म्हणालो आणि त्याच्या मजुरीतून चहाचे पैसे वळते करून घेतले. चहा त्यानेच मागवला होता, पण राग माझा होता.

कोपरगाव

राहुरीच्या पुढे हळूहळू रान हिरवं होत जातं. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असतं, इकडे ते पाटातून रस्त्याच्या कडेने चालत असतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. सगुणा एकदा उतरून पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली. "ह्यांच्या बायका भांडत कशावरनं असतील?" तिने विचारलं.

उसाचा हंगाम होता. कारखान्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागली होती. गाडीवान गाड्यांखाली निजलेले, बैल उसाच्या शेंड्यांचं वाढं चघळत उभे, आणि सगळ्या हवेत मळीचा गोड-आंबट वास. त्या रांगेशेजारून मी नुसत्या गिअरवर गाडी काढली. ब्रेकला पाय लावायची सोय नव्हती.

वर्कशॉपचे फोरमन जगताप. मी त्यांच्या पंपांचे भाग पुरवतो. मी ड्रम पुढे केले तसे ते म्हणाले, "हंगाम चालू हाय, शेठ. लेथला दम न्हाई. पुढल्या महिन्यात या."

"गेल्या हंगामात तुमचा पंप बसला होता तेव्हा मी पुढल्या महिन्यात आलो होतो का?"

"तुमी उपकार बी वजन करून देता राव."

"वजन बरोबर असलं म्हणजे झालं."

त्यांनी हसून लेथवाल्याला खूण केली. पुढचे दोन्ही ड्रम आतून एक हात तासून निघाले, आरशासारखे. तोवर आम्हाला कुणीतरी उसाचे करवे आणून दिले. आमच्याकडे ऊस पाहुण्यापुढे मोजून ठेवतात. इथे अख्खी पेंडी पायाशी टाकून गेले.

ड्रम बसवले आणि मोठ्या ऐटीत गाडी बाहेर काढली. गाड्यांची रांग संपल्यावर वेग घेतला, ब्रेक दाबला, आणि गाडी पुन्हा तशीच थडथडली.

मी खाली उतरलो आणि हातातला पाना भिरकावून दिला. रागात माणूस नेम धरत नाही. पाना एका उभ्या गाडीच्या बैलांपुढे पडला आणि त्यांनी जुवासकट गाडी मागे रेटली. गाडीवान उठून आला, पाना उचलला.

"शेठ, फेकायचा हुता तर लांब तरी फेकायचा. माझ्या बैलानं काय केलं तुमचं?"

मी हात पुढे केला. त्याने पाना पाठीमागे नेला.

"दोन बिड्या," तो म्हणाला.

"एक."

"मग पाना बी अर्धाच देतो."

दोन द्याव्या लागल्या. सगुणा मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होती.

राजूर

संगमनेर सोडून अकोले गावाच्या बाजूला वळलं की प्रवरा सोबत येते आणि समोरचे डोंगर मोठे होत जातात. माघात आमचं रान वाऱ्याने धुळकट होतं. इथे कडे निळे, आणि उतरणीवर भाताच्या खाचरांच्या पायऱ्या, कापणी होऊन रिकाम्या. रस्त्याने डोक्यावर मोळ्या घेतलेल्या ठाकर बायका एका ओळीत चालल्या होत्या. गाडी आली तरी ओळ मोडत नाहीत, नुसती कडेला वाकते.

राजूरच्या अलीकडे घाट आहे. चढ गिअरवर निघाला. पण एका वळणापुढे मधोमध बैलगाडी उभी. ब्रेक दाबावाच लागला. गाडी हलली, गाठोडं खाली पडलं, हुरडा सांडला.

"पुन्ना खालनंच," सगुणा म्हणाली. "तुमचं हातातलं चाक तर ढिम्म हाय. मी मागनं बघती न्हवं."

मी लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं असतं तर पुढचं लिहिण्यासारखं राहिलं नसतं.

आमचे साडू किसनराव एका जंगल ठेकेदाराकडे जीप चालवतात. साडू-साडूंत असतं तसं आमचं आहे. वर गोड, आत तराजू. त्यांनी घर दाखवलं, सागाच्या तुळया दाखवल्या, आणि मग माझी गाडी बघायला बाहेर आले.

"शर्यतीतनं काढून टाकलं म्हणं?"

"काढलं नाही. थांबवलंय."

"आमची जीप डोंगर चढून येती, पर तिला कुनी थांबवत न्हाई."

"तिला पळायला कोण सांगतंय?"

सगुणाची बहीण अनसूया मधे पडली आणि ताटं वाढली. काळभाताचा, म्हणजे तिकडच्या सुवासिक तांदळाचा, वास घरभर सुटला होता. सोबत हुलग्याचं कढण आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी. आमच्याकडे भात सणाला नाहीतर आजाऱ्याला. इथे भात आधी आणि भाकरी नंतर. मी भाकरी मागितली तर किसनराव म्हणाले, "ज्वारीची सवय, दावनभर चारा लागनारच." आमच्या हुरड्यावर मात्र त्या घरातल्या पोराबाळांनी झडप घातली. तेवढं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. डोंगरातनं माणसं हिरडा, मध, बांबूच्या टोपल्या घेऊन उतरली होती. बायका बाजारात रमल्या. मी मधाचा भाव पाडायचा प्रयत्न केला. मधवाल्याने बरणीचं झाकण लावलं आणि तो दुसरीकडे बघू लागला. ही माणसं घासाघीस करत नाहीत. माझ्यासारख्याचा दिवस वाया.

बाजाराच्या टोकाला सुतार-लोहार मिळून बैलगाडीच्या चाकाला धाव चढवत होते. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. शेणकुटांच्या गोल आगीत ती लाल होईपर्यंत तापवली होती. चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली, घणांनी ठोकली, लाकूड धुरावलं आणि पाणी पडायला लागलं. चाक ज्याचं होतं तो शेतकरी पाण्याखाली ते फिरवता फिरवता दमला आणि चाक जमिनीवर टेकवून उभा राहिला. म्हातारा लोहार त्याच्या अंगावर ओरडला.

"टेकवू नगं! फिरवत ऱ्हा! गरम लोखंड एका जागी दाबलं की तितं त्याचं त्वांड वाकडं हुतं. मग जलमभर गाडी उड्या मारंल!"

मी मध विसरलो. गरम लोखंड, एका जागी दाबलेलं. मंडपाजवळचा उतार डोळ्यांपुढे आला. करपट वास येणारे ड्रम, आणि त्यावर मी दोन्ही हातांनी आवळलेला हँडब्रेक. चहा होईपर्यंत ते लोखंड त्या पकडीत थंड होत होतं. आणि हँडब्रेक धरतो तो मागची चाकं. फक्त मागची.

मागची! खालनं हादरं बसत्यात म्हणून सगुणा नगरपासून सांगत होती. हनीफ पुढे बसला, मी पुढे बसलो, आणि मागच्या सीटवरचं ऐकायला कुणी मागे बसलंच नाही.

मी किसनरावांना बाजारातून ओढत आणलं. "तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

"साडूची गाडी चालवायला बक्षीस काय?"

"घाटात ढकलणार नाही, हेच."

बाजारातली माणसं बघत होती. सगुणाही बाजारातून मागोमाग येऊन तिच्या जागेवर बसली होती; मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती खिडकीकडे सरकली.

"लगनानंतर आज बसला शेजारी," ती हळूच म्हणाली.

सपाट रस्त्यावर किसनरावांनी पायाचा ब्रेक दाबला. माझ्या बुडाखालून खडखड सुरू झाली आणि मणक्यातून मानेपर्यंत चढली. "स्टिअरिंग हलतंय का?" मी ओरडलो. "न्हाई, गप हाय," ते म्हणाले. मग मी त्यांना पाय काढून नुसता हँडब्रेक हळूहळू ओढायला सांगितला. पुन्हा तीच खडखड, तेवढीच. पुढच्या चाकांचा काही संबंधच नव्हता.

मी सगुणाकडे बघितलं.

"स्प्रिंगा गेल्यात सीटच्या," ती म्हणाली.

निघताना मी लोहाराकडे गेलो. चाकाच्या लाकडाचा एक पाचरीसारखा ठोकळा तिथे पडला होता. भाव विचारला. "न्या की, जळनातच जानार हुता," तो म्हणाला. घासाघीस करायला त्याने जागाच ठेवली नाही. मी त्याच्या हातात सगुणाच्या गाठोड्यातला उरलेला हुरडा ठेवला, तेव्हा कुठे मला बरोबरी झाल्यासारखं वाटलं.

पुन्हा नगर

हनीफने मागचे ड्रम काढले, आत मापाचा कॅलिपर फिरवला आणि शीळ घातली. एका अंगाने ड्रम अंड्यासारखा लांबट झाला होता आणि लायनरवर एक काळा जळका पट्टा उमटला होता.

"शेठ, ह्याला गोल करून देतो. लोखंड पुष्कळ शिल्लक आहे. पण पुढचे ड्रम कुणी तासले? ते तर चांगले होते."

"तू तुझं काम कर."

"मी म्हणालो होतो ना, लायनर नवे आहेत."

"महाग होते, हेही म्हणालो होतो मी."

त्याने शेजारच्या लेथवर ड्रम गोल केले, लायनर त्याला जुळवून घासले. मी रस्त्यावर नेऊन हलके हलके ब्रेक मारत, मधे गाडी वाऱ्यावर थंड होऊ देत, लायनर बसू दिले. सगुणा मागे बसली होती. या वेळी मी दर ब्रेकला विचारत होतो, "काय?" आणि ती सांगत होती, "थोडं हाय." मग "किंचित हाय." मग वेशीजवळ, "आता न्हाई." मी गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला नाही. चाकाखाली ठोकळा लावला.

पुन्हा माळावर

रविवारी सकाळी पांढरी टोपी गाडीत बसली. साहेबांनी एकदा ब्रेक मारला, दोनदा मारला, तिसऱ्यांदा जोरात मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"नीट आहेत," ते उतरून म्हणाले. "पास."

मी हललो नाही. आठवडाभराचं माझं येणं बाकी होतं.

"साहेब, हे ब्रेक मी बिघडवले नव्हते. तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढायला तुमच्या मंडपातला माणूस सांगत होता. मी जरा मनापासून ओढला, एवढंच. आज शर्यतीनंतर प्रत्येकाला एक फेरी सावकाश मारू द्या, चाकं थंड होतील. आणि हँडब्रेक कुणी ओढायचा नाही."

"इथे उतार आहे. गाडी घरंगळली तर?"

मी ठोकळा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला.

"हे कुठे शिकलात?"

"ट्रकवाल्यांत," मी म्हणालो.

लोहाराचं नाव सांगायला हवं होतं. पण तो सूर खिशात आठवडाभर सांभाळला होता, तो परत करायची तीच वेळ होती. साहेबांनी टोपी मागे सरकवली, जरा हसले, आणि मंडपाकडे ओरडून दगड गोळा करायला सांगितले.

शर्यतीत मी दुसरा आलो. पहिला पेट्रोल पंपावरचा तो तरुण. शेवटच्या वळणावर मी त्याच्या बाजूला आलो होतो. ब्रेक पूर्ण दाबला आणि गाडीने हूं की चूं केलं नाही. पण त्याची गाडी माझ्यापेक्षा नवी होती, आणि हे मी त्याला सांगितलंही. तो खिडकीतून ओरडला, "काका, पळते की!"

मग सगळ्या गाड्या एकामागे एक सावकाश फिरल्या, वरातीसारख्या. मंडपाजवळ आलो तर सगुणा पदर खोचून उतारावर उभी होती. गाडी थांबली तसा तिने वाकून मागच्या चाकाखाली ठोकळा सरकवला आणि पायाने ठोकून घट्ट केला. मागून येणारे पुण्याचे लोक खाली उतरून दगड शोधत होते.

परतीला निघताना मी पुढचं दार उघडून धरलं. "बस आज पुढे. वेशीवरच्यांना बघू दे."

सगुणाने सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मागचं दार उघडलं.

"मागंच बरी मी," ती म्हणाली. "गाडीचं काय बिघडलंय त्ये पुढं बसल्याव तुमाला तरी कुटं कळलं?"